दरपत्रके तीन, कल्पना मात्र एक

शाळा-महाविद्यालयांच्या कचेरीत ज्यांनी चार वर्षे काढली आहेत, त्यांना ‘तीन दरपत्रके’ या शब्दांचा महिमा सांगावयास नको. पंखा घ्यावयाचा असो, प्रयोगशाळेसाठी काचेची भांडी घ्यावयाची असोत किंवा स्नेहसंमेलनाचा मांडव घालावयाचा असो. तीन ठिकाणचे भाव मागवावेत, त्यांचा तुलनात्मक तक्ता करावा, त्यावर समितीच्या सभासदांनी सह्या कराव्यात आणि मगच पैसे द्यावेत, असा दंडक आहे. या दंडकाची आपण पुष्कळ थट्टा करतो. परंतु त्याच्यामागील विचार पक्का आहे. ज्याच्यापुढे एकच भाव आहे, त्याला तो भाव स्वस्त की महाग, हे कळण्याचा मार्गच नसतो. तुलनेसाठी दुसरे काही समोर असावे लागते.

जे तत्त्व आपण पंख्याला लावतो, ते विचाराला मात्र लावीत नाही. विद्यार्थ्यांचा एखादा संघ यंत्रमानव बनवावयास निघतो, तेव्हा त्याच्या प्रत्येक मोटारीसाठी आणि प्रत्येक चाकासाठी तीन दरपत्रके जोडली जातात. पण तो यंत्रमानव कसा असावा, याचे तीन वेगवेगळे आराखडे कोणी मागत नाही. एक कल्पना कोणाच्या तरी डोक्यात येते, ती संघाची कल्पना ठरते आणि दुसऱ्या दिवशी खरेदीची यादी तयार होते. या उरफाट्या क्रमामुळे पैसा तर वाया जातोच, पण त्याहून मोलाचे असे काही तरी वाया जाते, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख आहे. तो लिहिण्याचा अधिकार मला माझ्याच एका चुकीने मिळाला आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

माझी सही

मी अर्थशास्त्र शिकवतो. यंत्रशास्त्राशी माझा संबंध नाही. परंतु ज्या संस्थेत मी काम करतो, तिच्याच आवारात अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे आणि तेथील विद्यार्थी-प्रकल्पांच्या खरेदी समितीवर ‘बाहेरचा सभासद’ म्हणून माझी नेमणूक झाली. 2021-22 सालातील ही गोष्ट. त्या वर्षी आमच्या मुलांनी ‘रोबोकॉन’ स्पर्धेत उतरण्याचे ठरविले होते.

ही स्पर्धा आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन या प्रसारणसंस्थांच्या संघटनेने 2002 साली टोकिओ येथे सुरू केली. यजमान देशाने आपल्या परंपरेतून विषय निवडावा आणि निरनिराळ्या देशांतील विद्यार्थ्यांनी त्यासाठी यंत्रमानव बनवावेत, अशी तिची रीत आहे. आपल्याकडील राष्ट्रीय फेरी दूरदर्शनच्या पुढाकाराने होते. अनेक वर्षे ती पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात भरत असे. 2008 साली आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यास झाली, तेव्हा तिचा विषय होता आपली दहीहंडी. 2022 साली यजमानपद पुन्हा भारताकडे आले आणि या वेळी विषय ठरला लगोरी.

लगोरी म्हणजे काय, हे मराठी वाचकास सांगण्याची गरज नाही. गल्लीतील फरशीचे तुकडे जाऊन तेथे फोमच्या, उतरत्या आकाराच्या पाच गोल चकत्या आल्या, इतकेच. एका यंत्रमानवाने चेंडू फेकून लगोरी फोडावयाची, मग ती पुन्हा रचावयाची. आणि रचण्याचे काम चालू असता प्रतिपक्षाने चेंडू मारून रचणाऱ्याच्या डोक्यावरील चेंडू पाडावयाचा. खेळ तोच, कसोटीही तीच: हात स्थिर हवा आणि घाई तर करावयाची आहे.

आमच्या संघाची फाईल समितीपुढे आली तेव्हा तीत सत्तर-एक पाने होती. मोटारींची, बॅटरीची, चाकांची, अॅल्युमिनियमच्या पत्र्याची दरपत्रके व्यवस्थित लावलेली होती. रक्कम एक लाख चाळीस हजारांच्या घरात होती. तिचा काही भाग संस्थेचा आणि उरलेला विद्यार्थ्यांनी घरून आणलेला. मी बेरजा तपासल्या, तक्ता पाहिला आणि सही केली. दहा मिनिटे लागली असतील. त्या सत्तर पानांत यंत्रमानवाचे एकही चित्र नाही, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. खरे सांगावयाचे तर ध्यानात आली असती तरी मी विचारले नसते. कारण तसे विचारावे, असे कोणत्याही नियमात लिहिलेले नव्हते.

सांडशी आणि शिकंजा

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. संघप्रमुख अंतिम वर्षाचा, हुशार आणि कष्टाळू मुलगा होता. चकती उचलण्यासाठी त्याने दोन जबड्यांची पकड योजिली होती. आपल्या स्वयंपाकघरातील सांडशी जशी एका खिळ्याभोवती उघडते आणि मिटते, तशीच ही पकड होती. खालची चकती सर्वांत मोठी, म्हणून तिच्या मापाने जबडे कापून घेतले. मोठी चकती उत्तम उचलली गेली. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये पेढे वाटले गेले. परंतु सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान चकतीच्या व्यासांत दुपटीहून अधिक फरक होता. सांडशी लहान भांड्यावर मिटली की तिचे जबडे समोरासमोर राहत नाहीत, तिरपे होतात. तसेच येथे झाले. लहान चकतीला केवळ जबड्यांची टोके टेकू लागली. ती पकडीतच फिरू लागली आणि लगोरीवर ठेवण्याच्या ऐन क्षणी निसटू लागली.

यावर उपाय म्हणून जबड्यांना रबर लावले. मग अधिक जोराने दाबता यावे म्हणून मोठी मोटार बसविली. तिच्यामुळे वजन वाढले आणि स्पर्धेत वजनाची मर्यादा असते. तेव्हा वजन कमी करण्यासाठी बैठकीचा सांगाडा हलका केला. तो हलका होताच यंत्र वळणावर डळमळू लागले. प्रत्येक दुरुस्ती एका नव्या दुरुस्तीला जन्म देत होती. पुरवणी मंजुरीसाठी फाईल दोनदा माझ्याकडे आली आणि दोन्ही वेळा तीन-तीन दरपत्रके नियमाप्रमाणे जोडलेली होती. राष्ट्रीय स्पर्धेत आमचा संघ पहिल्याच टप्प्यात बाहेर पडला.

स्पर्धेत हार-जीत चालावयाचीच. तिचे दुःख करण्याचे कारण नाही. मला जे लागले ते निराळेच. वर्षअखेरीस हिशेब पुरा करण्यासाठी मी संघाचे सगळे कागद मागवून घेतले. त्यांत प्रयोगवहीच्या एका पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीने काढलेले एक चित्र होते. पाचही चकत्या शेजारी-शेजारी काढलेल्या होत्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन उभ्या पट्ट्या होत्या. सुतार फळ्या चिकटवताना जो शिकंजा लावतो, त्याच्यासारख्या त्या पट्ट्या एका दांड्यावरून सरकत होत्या. खिळ्याभोवती त्या फिरत नव्हत्या. चकती लहान असो वा मोठी, दोन्ही पट्ट्या समोरासमोरच राहणार, हे माझ्यासारख्या अडाण्यालाही त्या चित्रावरून पाच मिनिटांत कळले. पानावर नोव्हेंबर महिन्याची तारीख होती. म्हणजे पत्रा कापण्याच्या आधीची.

चित्र दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचे होते. मी तिला बोलावून विचारले, “हे तू बैठकीत दाखवलं नाहीस का?”

“दाखवणार होते, सर,” ती म्हणाली, “पण तोवर मोटारींची ऑर्डर गेली होती. आणि माझं चित्र रफ होतं.”

तिच्या वडिलांचे फर्निचरचे लहानसे दुकान आहे. शिकंजा तिने लहानपणापासून पाहिलेला. पुढील वर्षी ती संघात आली नाही. अभ्यास वाढला, असे तिने कारण सांगितले. ते खरेही असेल. परंतु ‘ऑर्डर गेली होती’ आणि ‘चित्र रफ होतं’ या तिच्या दोन वाक्यांनी मला जो धडा दिला, तो माझ्याच विषयाचा असूनही मी कधी नीट शिकलो नव्हतो.

बुडीत खर्चाची मिठी

अर्थशास्त्राच्या पहिल्या काही पाठांत आम्ही ‘बुडीत खर्च’ ही कल्पना शिकवतो. जो पैसा खर्च होऊन गेला आणि परत मिळणार नाही, त्याचा पुढील निर्णयाशी संबंध असू नये. पुढे काय मिळेल आणि त्यासाठी आणखी काय द्यावे लागेल, एवढेच पाहावे, असा तो सिद्धांत आहे. फळ्यावर तो कोणालाही पटतो. व्यवहारात मात्र माणूस नेमका उलट वागतो. खर्च झालेला पैसा त्याला मागे ओढतो. मोटारी आल्या आहेत, मग त्या वापरल्या पाहिजेत. जबडे कापून झाले आहेत, मग ते चाललेच पाहिजेत. त्या मुलीची कल्पना वाईट ठरली नव्हती, ती तपासलीच गेली नाही. खरेदी हाच निर्णय ठरला आणि विचार त्याच्यामागून फरफटत आला.

म्हणून प्रारंभीच्या आराखड्यांचे खरे मूल्य ध्यानात घ्यावे लागते. एक कल्पना सोडून दुसरी धरावयाची, तर किंमत किती पडते, याचा त्या वर्षीच्या कागदांवरून मी अंदाज घेतला. पेन्सिलीने काढलेले चित्र टाकून दिले तर एक कागद जातो. पुठ्ठ्याचा नमुना टाकला तर पुठ्ठा, डिंक आणि एक संध्याकाळ जाते. कापलेला पत्रा टाकला तर हजारो रुपये आणि दोन आठवडे जातात. स्पर्धेच्या मैदानावर चूक कळली तर सारे वर्ष जाते. चूक तीच, ती केव्हा सापडते यावर तिची किंमत ठरते. मग जेथे चूक सर्वांत स्वस्त आहे, तेथे ती मनसोक्त करून घ्यावी, हा साधा व्यापारी शहाणपणा झाला. आपण उलट करतो. स्वस्त चुकांची संधी घाईने उरकतो आणि महाग चुका सावकाशीने, सही-शिक्क्यानिशी करतो.

याचे एक उदाहरण इतिहासात ठळकपणे नोंदलेले आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत दोन पक्ष विमान उडविण्याच्या खटपटीत होते. सॅम्युएल लँग्ली हे नामांकित शास्त्रज्ञ. त्यांना सरकारच्या युद्धखात्याकडून 50,000 डॉलर मिळाले होते. त्यांचे लहान, माणूस नसलेले यंत्र 1896 मध्ये उडालेही होते. तोच घाट मोठा करून त्यांनी माणूस नेणारे विमान बांधले. 8 डिसेंबर 1903 रोजी ते नदीत कोसळले. दुसरीकडे विल्बर आणि ऑर्व्हिल हे राइट बंधू सायकलदुरुस्तीचे दुकान चालवीत. त्यांच्या 1901 सालच्या यंत्राने निराशा केली, तेव्हा आणखी मोठे यंत्र बांधण्याऐवजी त्यांनी लाकडी पेटीचा एक वातबोगदा केला आणि त्यात पंखांचे सुमारे 200 लहान-लहान नमुने तपासले. त्यांपैकी बहुतेक टाकूनच द्यावयाचे होते. 17 डिसेंबर 1903 रोजी, म्हणजे लँग्लींच्या अपघातानंतर नऊच दिवसांनी, त्यांचे विमान उडाले. त्यांचा सारा खर्च हजार डॉलरांच्या आत होता, असे त्यांच्याच हिशेबावरून सांगितले जाते. लँग्लींजवळ बुद्धी कमी नव्हती आणि पैसा तर भरपूर होता. राइट बंधूंजवळ टाकून दिलेले नमुने अधिक होते.

कच्ची वही, पक्की वही

आता प्रश्न असा की, आमच्या विद्यार्थ्यांना चित्र ‘रफ’ असल्याची लाज का वाटते? याचे उत्तर त्यांच्या महाविद्यालयात शोधून सापडणार नाही. ते प्राथमिक शाळेत शोधावे लागेल. आपल्या प्रत्येकाच्या दप्तरात दोन वह्या असत: एक कच्ची आणि एक पक्की. कच्च्या वहीत खाडाखोड, उलटसुलट बेरजा, मध्येच काढलेले एखादे चित्र; पक्क्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरलेले उत्तर. गुरुजी तपासत ती पक्की वही. गुण मिळत ते पक्क्या वहीला. कच्ची वही वर्षअखेरीस रद्दीत जाई. विचार मात्र सारा तिच्यातच झालेला असे.

हा संस्कार पुढे पदवीपर्यंत टिकतो. प्रकल्पाच्या अहवालात सोनेरी अक्षरांची बांधणी असते, आकृत्या संगणकावर काढलेल्या असतात आणि ‘आम्ही अमुक पद्धत निवडली’ असे एक वाक्य असते. कशातून निवडली आणि बाकीच्या का सोडल्या, याचा उल्लेखही नसतो. निवड म्हटली की सोडून दिलेले काही असलेच पाहिजे. अर्थशास्त्रात आम्ही त्यालाच पर्यायी खर्च म्हणतो. ज्या अहवालात सोडून दिलेले काहीच नाही, त्यात निवड झालेलीच नाही. आणि या अहवालांना गुण देणारे आम्हीच आहोत. दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

आराखडा कसा उमलतो

मग प्रारंभीचे आराखडे करावयाचे तरी कसे? ही काही दैवी देणगी नव्हे. तिला रीत आहे आणि ती शिकविता येते. माझ्या अभियांत्रिकीतील सहकाऱ्यांशी बोलून, थोडेबहुत वाचून आणि त्यानंतरच्या संघांबरोबर बसून मला जे उमगले, ते असे.

पहिली गोष्ट म्हणजे आरंभ नामाने करू नये, क्रियापदाने करावा. ‘पकड कशी करू?’ असे विचारले की डोळ्यांपुढे सांडशीच येते. ‘चकती जमिनीवरून वर कशी येईल?’ असे विचारले तर ती दोन्ही बाजूंनी दाबता येईल, खालून तोलता येईल, वरून चिकटवून घेता येईल, असे निरनिराळे मार्ग दिसू लागतात. लगोरीच्या खेळात उचलणे, नेणे, रचणे आणि नेम धरणे अशी चार क्रियापदे होती. प्रत्येकाचे तीन मार्ग सुचले, तर त्यांच्या जुळणीतून 81 यंत्रे संभवतात. संघाने त्यांपैकी एकच पाहिले होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आरंभी प्रत्येकाने एकट्याने, गप्प बसून चित्रे काढावीत, चर्चा नंतर. आपल्याला वाटते की दहाजण एकत्र बसले की कल्पनांचा पाऊस पडतो. अमेरिकेतील जाहिरात व्यवसायातले अॅलेक्स ऑस्बॉर्न यांनी 1953 साली ग्रंथ लिहून सामुदायिक विचारमंथनाचा जोरदार पुरस्कार केला. पण 1958 मध्ये टेलर, बेरी आणि ब्लॉक या संशोधकांनी येल विद्यापीठात हे तपासले, तेव्हा असे आढळले की, तितकीच माणसे वेगवेगळी बसून विचार करतात, तेव्हा त्यांच्या कल्पनांची बेरीज गटापेक्षा अधिक भरते. आपल्याकडे तर बैठकीत ज्येष्ठ बोलला की कनिष्ठाने मान डोलवावयाची, ही घरापासूनची शिकवण. अशा बैठकीत दुसऱ्या वर्षाची मुलगी आपले पाठकोरे पान पुढे करील, ही अपेक्षाच चुकीची होती. सगळी चित्रे नाव न घालता भिंतीवर लावली असती, तर तो शिकंजा कोणाचा हे न पाहताच कोणी तरी त्याच्यापुढे थांबले असते.

तिसरी गोष्ट मापाची. पहिले चित्र सुंदर असण्याची गरज नाही, पण ते प्रमाणात असावे. आणि सर्वांत मोठी व सर्वांत लहान अशा दोन्ही टोकांच्या वस्तू त्यात असाव्यात. सांडशीचा दोष सर्वांत मोठी चकती पाहून दिसत नव्हता. तो पाचही चकत्या एका कागदावर आल्या तेव्हा दिसला. चौथी गोष्ट म्हणजे तुलनेचा तक्ता. स्टुअर्ट प्यू या ब्रिटिश अभियंत्याने यासाठी एक पद्धत रूढ केली: एका बाजूला कसोट्या लिहावयाच्या, दुसऱ्या बाजूला कल्पना, एक कल्पना आधाराला धरून बाकीच्या तिच्यापेक्षा सरस, बरोबरीच्या की उण्या, एवढेच अधिक-उणे चिन्हाने मांडावयाचे. आमच्या कचेरीतील लेखनिकांना हा तक्ता परका वाटावयास नको. दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता तो हाच. फक्त भावाच्या जागी कल्पना आल्या आहेत.

अन्यत्र या गोष्टीचे भान कसे राखले जाते, हेही पाहण्यासारखे आहे. जपानमध्ये तंत्रशाळांतील विद्यार्थ्यांची यंत्रमानव-स्पर्धा 1988 साली तेथील नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थेने सुरू केली. तिच्या नावाचा आरंभच ‘कल्पनांची लढत’ अशा अर्थाच्या शब्दांनी होतो. अमेरिकेत डीन केमेन यांनी 1989 मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था काढली आणि 1992 मध्ये 28 संघांची पहिली स्पर्धा एका शाळेच्या व्यायामशाळेत भरविली. तेथे खेळ जाहीर झाल्यावर यंत्र बांधण्यास अनेक वर्षे केवळ सहा आठवडे मिळत. इतका थोडा वेळ असूनही अनुभवी संघ पहिले दिवस हत्यारांना हात लावीत नाहीत. नियम वाचतात, खेळ जमिनीवर खडूने आखून स्वतःच खेळून पाहतात आणि कागद भरतात. वेळ थोडा आहे म्हणूनच ते असे करतात.

आक्षेपांचा विचार

यावर काही आक्षेप येतील आणि ते सगळेच पोकळ नाहीत. पहिला असा की, चित्रे काढीत बसले तर यंत्र कधी बनावयाचे? 81 पर्याय तपासणे कोणालाच शक्य नाही. हे खरे आहे. 1978 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे हर्बर्ट सायमन यांनी हेच दाखविले की, माणूस सर्वोत्तम पर्याय शोधीत नाही. पुरेसा चांगला पर्याय सापडला की तो थांबतो, आणि त्याला दुसरा मार्गही नसतो. पण पुरेसा चांगला म्हणजे पहिलाच डोळ्यांपुढे आलेला नव्हे. पाच महिन्यांच्या प्रकल्पात दोन आठवडे कागदाला दिले, तर उरलेल्या साडेचार महिन्यांतील किती दुरुस्त्या वाचतील, याचा हिशेब करावा. मुदत मात्र घालावी. अमुक तारखेनंतर नवी चित्रे नाहीत, हा नियमही तितकाच आवश्यक आहे. कागदाच्या आड लपून काम टाळणारेही असतातच.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. संगणकावर सुबक आकृती तासाभरात होते, त्रिमिती छपाईने सुटे भाग स्वस्तात निघतात, कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले तर ती क्षणात दहा रचना सांगते. मग पेन्सिल कशाला? माझा या साधनांना विरोध नाही. परंतु संगणकावरील आकृती पहिल्याच दिवशी पूर्ण झालेली दिसते. तिच्या रेषा इतक्या ठाम असतात की, तिला नाही म्हणण्याचा धीर होत नाही. पेन्सिलीचे चित्र अपुरे दिसते, आणि ते अपुरे दिसते म्हणून दुसरा त्यात हात घालतो. यंत्राने सांगितलेल्या दहा रचनाही भिंतीवर जरूर लावाव्यात. पण त्यांतील कोणती आपल्या मैदानावर, आपल्या पैशात आणि आपल्या वर्कशॉपमधील हत्यारांनी उभी राहील, हे ठरविण्यासाठी संघाला स्वतः विचार करण्याची सवय असावी लागते. ती सवय आयती मिळत नाही.

तिसरा आक्षेप हिशेबतपासनिसाचा. टाकून दिलेल्या चित्रांसाठी खर्च कोणत्या सदरात दाखवावयाचा? मला वाटते, हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. जे दिसत नाही त्यासाठी आपल्या कीर्दीत खाते नाही. म्हणून ते निर्माण करावे लागेल.

करता येण्यासारखे

माझ्या सूचना साध्या आहेत आणि त्यांना फारसा पैसा लागत नाही. विद्यार्थी-प्रकल्पाच्या खरेदीस मंजुरी देण्यापूर्वी किमान तीन भिन्न आराखडे, त्यांची एका पानाची तुलना आणि दोन आराखडे का सोडले याची कारणे फाईलला जोडणे सक्तीचे करावे. मंजुरी दोन हप्त्यांत द्यावी: पहिला अल्पसा हप्ता कागद, पुठ्ठा, लाकूड आणि नमुन्यांसाठी, मोटारी आणि धातू यांचा हप्ता नमुना पाहिल्यावर. प्रकल्पाच्या गुणांपैकी काही गुण टाकून दिलेल्या कल्पनांच्या नोंदीला ठेवावेत आणि त्यासाठी तारखा घातलेली कच्ची वही तपासावी. प्रत्येक वर्षाच्या संघाने ती वही पुढील संघाच्या हाती द्यावी. यंत्र मोडून त्याचे भाग पुन्हा वापरले जातात, पण ते तसे का बनविले हे ज्ञान मुले पदवी घेऊन निघून गेली की त्यांच्याबरोबर जाते. आणि नवा संघ त्याच सांडशीपासून पुन्हा आरंभ करतो.

हे केवळ यंत्रमानवापुरते आहे, असे कोणी समजू नये. शाळेची नवी इमारत, गावची पाण्याची योजना, महाविद्यालयाचे वेळापत्रक, या साऱ्यांत आपण एकाच आराखड्यावर सह्या करतो आणि मग दुरुस्त्यांसाठी पुरवणी मंजुऱ्या काढीत बसतो. विद्यार्थ्यांचा संघ ही ती सवय मोडण्याची सर्वांत स्वस्त जागा आहे. तेथे चुकले तर एक सामना हरतो, गावाचे पाणी तुटत नाही.

गेल्या दोन वर्षांपासून आमच्या समितीत मी एवढेच करतो की, फाईल आली की दरपत्रकांच्या आधी चित्रे मागतो. पहिल्या वर्षी मुले गोंधळली. एका संघाने तर एकच आकृती तीन कोनांतून काढून आणली. ती परत करावी लागली. या वर्षी आलेल्या फाईलमध्ये अकरा चित्रे होती. चार पाठकोऱ्या पानांवर, एक बसच्या तिकिटाच्या मागे. त्यांतील नऊ रद्द झालेली होती आणि प्रत्येकाखाली रद्द करण्याचे कारण लिहिलेले होते. आमच्या लेखनिकांनी मला विचारले, “सर, रद्द झालेले कागद फाईलला कशाला? काढून टाकू का?”

मी त्यांना म्हटले, “राहू द्या. पृष्ठक्रमांक घाला.”